दोराला दिलेलं पाणी

राहेलबाई देवावर रुसली होती, आणि तिनं ते कुणापासून लपवलं नव्हतं. एका रविवारी भर उपासनेत ती उभी राहिली आणि म्हणाली, "सध्या म्या त्याच्याशी बोलत न्हाय. पर त्याचं ऐकते. ऐकायचंबी सोडलं तर मग म्हातारीजवळ राहिलं काय?" बार्शीहून महिन्यातून एकदा एसटीनं येणारे पाळकसाहेब त्या दिवशी नेमके हजर होते. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि पुढचं गीत सांगितलं. राहेलबाईशी वाद घालायचा नसतो, एवढं शहाणपण करंजवाडीनं त्यांना केव्हाच शिकवलं होतं.

शांतवनाला हे त्याच्या बायकोकडून, सलोमीकडून कळलं. तो स्वतः उपासनेला जायचा बंद झाला होता. राहेलबाईचा एकुलता एक मुलगा शिमोन ज्या दोरावरून पडून मेला, तो दोर शांतवनानं वळलेला होता.

साल बहात्तरचं. त्या वर्षी पावसानं कळंब तालुक्याकडं पाठ फिरवली ती फिरवलीच. करंजवाडीतल्या ख्रिस्ती आणि बौद्ध वस्तीला मिळून गायरानातली जमीन मिळाली होती आणि दोन्ही वस्त्यांनी मिळून सहकारी शेती सोसायटी काढली होती. चेअरमन कोंडिबा. बौद्ध वस्तीतला, तोलूनमापून बोलणारा माणूस. पेरलेलं सगळं करपल्यावर कोंडिबा म्हणाला, पीक गेलं तर गेलं, निदान प्यायचं पाणी तरी आपलं असू द्या. म्हणून सोसायटीनं विहीर खोदायला घेतली. सुरुंग उडवायचा, मग एका गड्यानं मोठ्या पाटीत बसून दोरावरून खाली उतरायचं आणि फुटलेला दगड भरून वर पाठवायचा. दोर अर्थातच शांतवनाचा. त्याच्या बापाचा दोर आसपासच्या गावांत चाले, आणि बापाचा हात पोरात उतरला आहे असं लोक म्हणत.

घायपाताचा दोर करायचा तर पानं बडवून पाण्यात कुजत घालावी लागतात. पुरतं कुजलं की गर सुटतो आणि नुसता वाख, म्हणजे पानातला धागा, हाती येतो. त्या सालात पाणी होतं कुठं? शांतवनानं पानं नुसती भिजवल्यासारखी केली, घासून गर काढला आणि दोर वळला. वरून दोर बघाल तर दृष्ट लागावी असा. पण आत गर राहिलेला, आणि गर राहिला की दोर आतून सडतो. हे त्याला माहीत होतं. पावसाळ्यापर्यंत टिकंल, मग दुसरा करू, असं त्यानं मनाशी म्हटलं होतं. दिवाळी झाल्यावर थोड्याच दिवसांत, शिमोन अर्ध्या विहिरीत असताना, तो तुटला.

पोलीस आले, पंचनामा झाला, अपघात म्हणून नोंद झाली. दोन्ही वस्त्या म्हणाल्या, पोराची वेळ भरली होती. शांतवनाकडं कुणी बोट दाखवलं नाही, आणि तेच त्याला सोसवेना. कुणी गचांडी धरून दोन मुस्काटात ठेवून दिल्या असत्या तर त्याला बरं वाटलं असतं. त्यानं घरातला वाख, दोर, दावी, कासरे सगळं गोळा करून परसात जाळून टाकलं. सुंभ जळला तरी पीळ जळत नाही म्हणतात. याचा सुंभही जळला आणि पीळही. मागं राहिल्या दोन शेळ्या, ज्यांना बांधायला घरात हातभर दोरी उरली नव्हती. दोरवाल्याच्या शेळ्या गावभर मोकाट फिरतात म्हणून लोक हसले. शेवटी सलोमीनं जुन्या लुगड्याची चिंधी फाडून त्या बांधल्या.

विहिरीचं काम बंद पडलं. कुणी उतरायलाच तयार होईना. शांतवन दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागला. मिळालेलं सरकारी खाणं, सुकडी, घरी आणून देई आणि आपण भिंतीकडं तोंड करून पडे. नाताळात सलोमीनं त्याला हाताला धरून, वस्तीचं देऊळ म्हणजे जी पत्र्याची खोली, तिथपर्यंत नेलं. आतून राहेलबाईचा आवाज ऐकू आला तसा तो उंबऱ्यावरूनच मागं फिरला. तिचं तोंड बघायची त्याची छाती होत नव्हती. आपण केलेलं तिला सांगायची तर त्याहून नव्हती.

होळी झाली आणि ऊन डोक्यावर बसायला लागलं, तसा तो खडीच्या कामावर जायचाही थांबला. दुपारी वस्ती सावलीला पडलेली असली की तो उठे आणि सोसायटीच्या विहिरीच्या काठावर जाऊन बसे, पाय आत सोडून. आपल्यावाचून सलोमीचं बरंच चालेल, असा विचार त्याच्या मनात येई. पहिल्यांदा आला तेव्हा तो दचकला होता. आता दचकत नव्हता.

अशाच एका दुपारी पाठीमागून आवाज आला.

"आत पाय सोडून कामून बसलास?"

राहेलबाई. डोक्यावर पदर, हातात विळा, पायात काही नाही. तापलेल्या मुरमावर ती अशी उभी होती की भाजत असेल तर मुरमालाच.

तिनं खाली विहिरीत पाहिलं, मग शांतवनाकडं पाहिलं, आणि ती सगळं समजली.

"हितं माझं लेकरू गेलंय," ती म्हणाली. "ती जागा त्याची हाय. तुला न्हाय द्यायची म्या. ऊठ."

तो उठला. तिच्या आवाजाला न उठणारा माणूस करंजवाडीत जन्माला यायचा होता.

"घायपात तोडायला चल. सोसायटीला दोर पायजे."

"मावशी, म्या आता दोर वळत न्हाय."

"तुला इचारलं का म्या?"

ओढ्याच्या बांधावर घायपात तेवढं हिरवं उभं होतं. दुष्काळ त्याचं काही वाकडं करू शकत नाही. ती पानं कापू लागली आणि तो मुकाट्यानं गोळा करू लागला. रसानं दोघांचे हात खाजायला लागले. दुसरा भारा बांधायच्या वेळी शांतवन मटकन खाली बसला.

"मावशी, तुमाला एक ठावं न्हाय. त्यो दोर म्या कच्चा वळला व्हता. पाणी नव्हतं म्हणून पानं कुजवली न्हाईत. मला कळत व्हतं. कळूनशान वळला."

राहेलबाईनं विळा थांबवला नाही. "ठावं हाय."

"कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? तुटलेलं टोक म्या हातात घेऊन बघितलं की. दोरवाल्याची लेक हाय म्या, दोरवाल्याची सून हाय. आतला वाख काळा पडला व्हता. पोराला मूठमाती द्यायच्या आधीच कळलं मला."

शांतवन तिच्याकडं बघत राहिला. एवढे महिने ही बाई हे पोटात घेऊन फिरत होती. पोलिसांसमोर उभी होती, तेव्हाही तिला माहीत होतं. सलोमीच्या हातची भाकरी तिनं खाल्ली, तेव्हाही.

"मग बोलला का न्हाईत?"

"बोलून काय, शिमोन उठून बसला आसता?" तिनं पानांचा ढीग त्याच्याकडं लोटला. "लोकास्नी म्या सांगितलं, देवावर रुसलेय म्हणून. खरं तसं न्हाय. प्रभूनं शिकवलेली प्रार्थना म्हणायला लागलं की ते येतंय बघ, आमी जशी दुसऱ्याला माफी केली तशी तू आमाला कर. तिथं आलं की माझी जीभच वळत न्हाय. समदी मंडळी आमेन म्हणून बसती, अन् म्या तिथंच रुतलेली. म्हणलं एवढं गाळून पुढचं म्हणावं. तर पुढचंबी निघंना. असं किती दिस काढू? त्याच्याशी बोलल्याबिगर मला अन्न गोड लागत न्हाय रे."

शांतवन रडत होता. तिनं त्याला उगी म्हटलं नाही.

"तुला माफ केलं असं म्हणायला म्या आले न्हाय," ती म्हणाली. "तोंड उघडत न्हाय माझं त्या बाबतीत. हात तरी उघडत्यात का, ते बघायला आले. उचल भारा."

पानं बडवून झाली आणि आता गाडी अडली ती पुन्हा पाण्यावर. टँकर यायचा तेव्हा यायचा, आणि आला की माणशी मोजून मिळायचं. राहेलबाईच्या वाट्याला एक हंडा. शांतवनाच्या परसात अर्धा मोडका रांजण होता. त्यात पानं दाबून भरलेली. टँकर येऊन गेला आणि राहेलबाई हंडा डोक्यावर घेऊन सरळ परसात आली. तांब्याभर पाणी तिनं सलोमीच्या माठात ओतलं आणि उरलेला हंडा रांजणात उपडा केला.

"मावशी!" शांतवन ओरडलाच. "प्यायचं पाणी हाय ते!"

"मंग? ह्या पानांस्नी त्येच नव्हतं मिळालं मागल्या टायमाला."

तिला हसवायचं होतं की चटका द्यायचा होता, ते शांतवनाला कळायला मार्ग नव्हता. राहेलबाईचं बोलणं बहुतेक दोन्ही असायचं.

पुढच्या टँकरलाही तेच. बातमी लगेच पलीकडच्या वस्तीत गेली. कोंडिबाची बायको मथुराबाई कमरेवर हात ठेवून भांडायला आली. "माणसं तहानेनं मरायलीत, अन् तुमी दोराला पाणी पाजता?" राहेलबाईनं तिला रांजणापाशी नेलं आणि एक पान उचलून हातात दिलं. सडायला लागलेल्या घायपाताचा वास ज्यानं घेतला त्यानंच जाणावा. मथुराबाईनं नाकाला पदर लावला.

"ह्ये पुरतं कुजलं की दोर व्हईल," राहेलबाई म्हणाली. "दोर झाला की हीर व्हईल. मागचा कोरड्यानं वळला, त्यात माझं पोरगं गेलं. आता तू सांग, कुणाचं पोरगं कोरड्या दोरावर सोडू?"

मथुराबाई पान रांजणात टाकून गेली. दुसऱ्या दिवशी ती परत आली ती एक डबडं घेऊन. त्यात तिच्या घरच्या माणसांनी जेवून हात धुतलेलं पाणी होतं, एरवी ती ते शेळीला पाजायची. "दोराला उष्टं चालतं का?" तिनं विचारलं. "दोराला जात न्हाय, उष्टं न्हाय. आण," राहेलबाई म्हणाली. मग इतर बायकाही आपापली डबडी आणू लागल्या. रांजण जेमतेम ओला राहायचा, पण राहायचा.

शांतवन रोज त्या रांजणाजवळ बसे. आधी पानं उलटीपालटी करायला, मग नुसताच. विहिरीच्या काठाकडं जायला त्याला वेळ मिळेनासा झाला. बायकांनी ओठ कोरडे ठेवून आणलेलं पाणी त्याच्या हवाली होतं आणि त्यातला थेंबही वाया जाऊन चालणार नव्हतं. एका संध्याकाळी सलोमीनं पाहिलं, तर तो रांजणाच्या काठावर कपाळ टेकून पुटपुटत होता. ती पावलं न वाजवता घरात गेली. नवरा प्रार्थना करताना तिनं किती महिन्यांनी पाहिला होता.

वाख निघाला तो पांढरा, लांब, चकचकीत. राहेलबाईनं तो दातांनी चावून पाहिला, बोटाला गुंडाळून ओढून पाहिला आणि ओठ मुडपले. तिच्या लेखी ती शाबासकी होती.

दोर एकट्यानं वळता येत नाही. या टोकाला एक, त्या टोकाला एक, दोघंही एकमेकांकडं तोंड करून, आणि पीळ देता देता नजर समोरच्यावर. समोरच्याचा हात कधी ढिला पडतो हे त्याच्या चेहऱ्यावरून आधी कळतं. एवढे महिने जिचं तोंड चुकवलं, तिच्याकडं शांतवनाला दिवसच्या दिवस बघावं लागलं. सुरुवातीला त्याची मान खाली जायची.

"वर बघ," त्या टोकावरून आवाज यायचा. "पेड सुटला बघ. वर बघ म्हणते ना!"

त्यानं वर बघितलं. तिच्या सुरकुत्या, तिचे पिचके डोळे, तिच्या गळ्यातल्या काळ्या दोऱ्यातला छोटा क्रूस. त्या चेहऱ्यावर राग होता. तिनं तो झाकला नव्हता. पण त्या रागासकट ती पीळ देत होती आणि तिचा हात एकदाही ढिला पडला नाही. मनात येईल तसं वागणारे लोक पुष्कळ असतात. मनात राग ठेवून हातानं भलं करणारं माणूस शांतवनानं पहिल्यांदाच पाहिलं. त्याला वाटलं, पाळकसाहेब ज्याला विश्वास म्हणतात तो हाच असला पाहिजे, आणि तो आपल्याला समजायचा तसा मऊ अजिबात नाही.

दोर तयार झाला. राहेलबाईनं तो खांद्यावर टाकला आणि ती तडक सोसायटीच्या विहिरीवर गेली. मागून शांतवन, सलोमी आणि बघता बघता दोन्ही वस्त्या. कोंडिबा आधीच येऊन थांबला होता.

"राहेलबाई, दोर चांगला झालाय, म्या न्हाय म्हणत न्हाय," तो म्हणाला. "पर शांतवनाच्या दोरावर म्या कुणाला उतर म्हणू? माणसं भेल्यात. कुणाच्या मायला सांगू, तुझं पोरगं दे म्हणून?"

"कुणाच्या मायला सांगू नगंस," राहेलबाई म्हणाली. "म्या उतरते."

क्षणभर कुणालाच कळेना. तोवर तिनं लुगड्याचा काष्टा घट्ट खोचला होता. कोंडिबा आडवा आला, सलोमीनं हात धरला, मथुराबाई रडायला लागली. राहेलबाईनं सगळ्यांना बाजूला केलं आणि पाटीत जाऊन बसली, एसटीत खिडकीची जागा धरल्यासारखी.

"शांतवन म्होरं धरंल," ती म्हणाली. "बाकीचे मागनं."

चाकावरून दोर ताणला गेला. दुष्काळानं तिची हाडं तेवढी ठेवली होती, तिला वजन असं नव्हतंच. पण शांतवनाला वाटलं, एवढं जड आपण जन्मात काही धरलं नाही. त्यानं हात सैल केला आणि ती काठाखाली गेली. चाक कुरकुरलं. दोर हातातून सरकत होता, एक एक वीत, आणि प्रत्येक वितीला तो म्हणत होता, प्रभू, धर. प्रभू, धर. जिथं मागचा दोर तुटला होता ती खोली आली. त्याच्या पाठीवर घामाचे लोट आले. ती खोली गेली. दोर तसाच ताठ होता. मग तो सैल पडला. पाटी तळाला टेकली होती.

खालून काही आवाज नाही.

"मावशी!" शांतवनानं हाक दिली. "मावशी, बऱ्या हाव ना?"

मग खालून आवाज आला, आणि तो राहेलबाईचा नेहमीचा आवाज नव्हता. तो आवाज तिनं शिमोन लहान असताना वापरला असेल.

"हितं लई गार हाय रे," ती म्हणाली. "वर एवढी आग पेटलीय, अन् हितं गार हाय. मला वाटत व्हतं, लेकरू कुठं तापल्या दगडावर पडलं आसंल. न्हाय रे. गार जाग्यात व्हतं."

काठावरच्या बाया हुंदके देऊन रडल्या. कोंडिबानं उपरणं डोळ्याला लावलं. शांतवनाला डोळे पुसता येत नव्हते, त्याच्या दोन्ही हातांत दोर होता.

तिला हवा तेवढा वेळ तिथं बसू दिलं. मग दोर हलला आणि त्यांनी तिला वर ओढून घेतलं. काठावर पाय टेकताच ती पुन्हा होती तशी झाली. लुगडं झटकलं, हाताला लागलेली माती कपाळाला लावली आणि सगळ्यांवर नजर फिरवली.

"झालं समाधान? धरतोय का न्हाय दोर? कोण उतरतंय आता?"

"म्या," शांतवन म्हणाला.

त्यानं पहार आणि फावडं घेतलं आणि तो पाटीत बसला. कोंडिबा चाकाजवळची पहिली जागा धरायला पुढं झाला. राहेलबाईनं त्याला खांद्यानं ढकललं.

"सरक. म्होरं म्या."

"राहेलबाई, तुमचं हात..."

"माझं हात माझ्यापाशी. तू मागनं धर."

तिनं दोर धरला. पाटी काठावरून सुटली. शांतवन खाली जायला लागला तसा त्यानं वर पाहिलं. उन्हात काळे दिसणारे दोन वाळके हात दोरावर घट्ट मिटले होते. त्या हातांनी शिमोनला न्हाऊ घातलं होतं, त्याच्यावर माती लोटली होती, आणि आता त्यांत शांतवनाचं सगळं आयुष्य होतं. त्याला रत्तीभरही भीती वाटली नाही. विहिरीचा गारवा पायांना लागला. दुपारमागून दुपार हिच्या काठावर जीव द्यायला येऊन बसणाऱ्या त्या माणसाला आज काम आटपून वर यायचं होतं.